पोळ्याला आठवा महिना असेल. नंदी रंगवायचे की नाही?

नंदीवाली_खामला

नमस्कार मंडळी,

पाचवा लागलाय. तारीख कोजागिरीच्या आसपासची. उलट्या थांबल्यात, वरणभात पोटात राहतो आणि हात परत शिवशिवायला लागलेत. म्हणून हा धागा.

नागपूरबाहेरच्यांसाठी आधी थोडं. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून गल्लीत निघतात आणि घरोघरी बोजारा मागतात, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. भोसल्यांच्या काळापासूनची रीत आहे ही. ते नंदी मी रंगवते. कोरे नवीन रंगवते, आणि लोकांच्या घरातले आजोबा-पणजोबांच्या वेळचे जुने नंदीही घासून, पुट्टी भरून पुन्हा उभे करून देते. नोकरी मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग), दिवसभर स्क्रीन. हे काम उन्हाळ्यात सुरू होतं आणि पोळ्याच्या आदल्या रात्रीपर्यंत चालतं. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. डोळे सगळ्यात शेवटी.

यंदा घरात एकमताने ठरलंय की बंद. सासूबाई म्हणतात, "एक वर्ष नाही रंगवले तं काय बैल उपाशी मरतील का?" आई फोनवर म्हणते, रंगाचा वास बाळाला चांगला नाही. नवरा काहीच म्हणत नाही, रंगाचे डबे माळ्यावर चढवून मोकळा झाला. त्याची रविवारची मॅच आणि मॅचनंतरचे तर्री पोहे मात्र जागच्या जागी आहेत. त्याला कोणी विचारलं नाही की बाबा, आता तू काय सोडणार. भांडत नाहीये, नोंदवून ठेवतेय.

दुसरा नाद पक्ष्यांचा. सुटीच्या दिवशी पहाटे अंबाझरी किंवा गोरेवाडा. नवरंग यायचे दिवस जवळ आलेत आणि मला दुर्बिणीला हात लावू देत नाहीयेत. दुर्बिणीने काय होतं कोण जाणे.

तर विचारायचंय ते हे. रंगांचं खरं काय? ऐकीव नको. नागपूरच्या उन्हात किती बाहेर पडायचं? शेवटच्या महिन्यांत तुमच्यापैकी कोणी काय चालू ठेवलं आणि काय आपोआप सुटलं? आणि "बाळासाठी कर, बाळ कलाकार होईल" छापाची उत्तरं शक्यतो नकोत. गर्भसंस्काराची पुस्तकं घरात पुरेशी जमली आहेत.

तर्री_जास्त_द्या

पहिला! अभिनंदन. बोजारा तयार ठेवतो. बाकी विषयातलं मले काही कळत नाही, वाचतो गुपचाप.

महालची_आजी

माय, आनंद झाला वाचून. सांभाळून राहा. सासू म्हणते ते अगदीच काही खोटं नाही, पण अगदी खरंही नाही. मी दोन्ही बाळंतपणांत अंगणात सडा-रांगोळी आठव्यापर्यंत घातली. मग वाकवेना, तं पोट्टीले बसवून तिच्याकडून ठिपके काढून घेतले.

गर्भसंस्कार नको म्हणतेस, पण अभिमन्यू पोटात असताना चक्रव्यूह शिकलाच नं?

खर्जातली

आजी, अर्धाच शिकला. सुभद्रेला झोप लागली म्हणून. आणि बिचारीला त्यावरून इतकी वर्षं बोल लावून राहिले सगळे. सातव्या-आठव्यात रात्री नवरा युद्धशास्त्र सांगायला बसला तर कोणाला झोप लागणार नाही? (हलके घ्या.)

डॉ_सिव्हिल_लाईन्स

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण तुमची डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

सगळे वासावर अडकलेत. मला खटकलं ते दुसरंच: "जुने नंदी घासून".

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० अशी ठरवणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं यापेक्षा कितीतरी पट सापडायचं, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल छटांत. पणजोबांच्या नंदीवर असे थरावर थर असणार. सँडपेपर मारला की त्याची बारीक धूळ नाकात, हातावर, कुलरच्या हवेने सगळ्या खोलीत. शिसं वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत जातं आणि मेंदूच्या वाढीला बाधतं. एवढं चालतं, तेवढं चालत नाही, अशी सुरक्षित पातळी मानलेली नाही. त्यात आईच्या हाडांत आधी साठलेलं शिसंही गरोदरपणात कॅल्शियमसोबत रक्तात उतरतं. तुम्ही वर्षानुवर्षं घासताय, तेव्हा पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना हे आपणहून सांगा. रक्तातलं शिसं तपासता येतं.

म्हणजे जुने नंदी यंदा नाहीत. दुसऱ्या कोणी घासले तरी तुमच्या घरात नाहीत. जिथे आधी घासकाम झालंय ती जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. तेही दुसऱ्या कोणीतरी.

नवीन नंदी मी होऊन थांबवणार नाही. पाण्यात कालवायचे अॅक्रिलिक, ब्रशने, खिडक्या उघड्या. ऑइल पेंट, थिनर, टर्पेंटाइन, स्प्रे हे सगळं बाजूला. कोरडी रंगभुकटी कालवत बसू नका. ब्रशला टोक काढायला ओठात धरायची सवय बऱ्याच चित्रकारांना असते, ती असेल तर सोडा. हात धुतल्याशिवाय खाणं नाही. आणि तासन्तास मांडी घालून बसू नका. अधूनमधून उठून घरात चक्कर मारा, पायाची सूज आणि पाठ दोन्हीला बरं.

नंदीवाली_खामला

डॉक्टर, हे कोणीच सांगितलं नव्हतं. सगळे वास वास करत होते आणि मी मनात म्हणत होते, खिडकी उघडली की झालं.

ब्रश तोंडात नसतो, पण बेगड चिकटवताना सुतळी दातात असते. तीही सोडते. दोन घरचे जुने नंदी कबूल केलेत, त्यांना आजच फोन करते.

रंधा_आणि_पटाशी

एक सुचवू का? जुना नंदी घासायचाच कशाला? रंग घट्ट धरून असेल तर ओल्या फडक्याने पुसा, वरून प्राइमर मारा, त्यावर नवा रंग. जुना थर आत बंद. भिंतींना असंच करतात.

डॉ_सिव्हिल_लाईन्स

भिंतीला ठीक. भिंत कोणी चावत नाही. नंदीचं शिंग दात येणारं पोट्टं सगळ्यात आधी तोंडात घालतं, आणि चाकाजवळचा रंग ओढून ओढून घासला जातो. जुना नंदी काचेच्या कपाटात ठेवा, पोरांच्या हातात नवीन द्या. हे मी गरोदर बायकांसाठीच नाही, सगळ्यांसाठी सांगतेय.

रंधा_आणि_पटाशी

पटलं. आमच्या घरचा नंदी आजच कपाटात जातो. पोरगं रडणार, पण जातो.

खर्जातली

माझा नाद गाण्याचा, तेव्हा माझं सांगते.

सहाव्यापर्यंत आवाज असा काही लागायचा की मीच खूश. गुरुजी म्हणाले, दमसास वाढला का तुझा? सातव्यात उलटं झालं. तार षड्जावर थांबायला गेलं की छाती भरल्यासारखी. मला वाटलं रियाझ कमी पडला, म्हणून अजून रेटलं, आणि दमून गेले. मग डॉक्टरांनी समजावलं की गर्भाशय वर येतं तसं श्वासपटल चारेक सेंटिमीटरपर्यंत वर ढकललं जातं. शिवाय पित्त घशाशी येतं, आणि काही जणींच्या स्वरयंत्रावर सूज येऊन आवाज जड होतो. हे कळल्यावर माझी स्वतःवरची चिडचिड संपली.

मग रियाझाचा आकारच बदलला. जेवणानंतर लगेच नाही. मांडी सोडून खुर्ची, पाठीला उशी. लांब ताना बंद, खर्ज (अगदी खालचे सूर) आणि मध्य सप्तकात आलाप, छोट्या बंदिशी. विलंबित ख्याल पूर्ण वर्षभर बाजूला ठेवला. त्या काळात खर्जावर जे काम झालं ते एरवी मी कधीच केलं नसतं, कारण खर्ज लावायला कंटाळा यायचा. (आयडी तेव्हाचाच.) सायंटिफिक सभागृहात एक कार्यक्रम ठरलेला होता, आयोजकांना सांगून अर्ध्या तासावर आणला. कोणी काही म्हटलं नाही. श्रोत्यांतल्या मावश्यांनी मात्र गाणं संपल्यावर रागाबद्दल एक शब्द न काढता "कितवा?" एवढंच विचारलं.

बाळाला साधारण २५-२६ आठवड्यांच्या सुमारास ऐकू यायला लागतं, आणि बाहेरच्या आवाजांपैकी खालच्या पट्टीतले जास्त पोचतात. पण मी त्याच्यासाठी गात नव्हते. त्याने ऐकलं तर फुकटात ऐकलं.

कोरा_कागद

धागा वाचून गंमत वाटली. आमच्या आयांनी नवव्या महिन्यापर्यंत शेतात कापूस वेचला. त्यांना कुठले आले छंद? हल्ली सगळ्याचाच प्रश्न होतो.

महालची_आजी

बाप्पा, काहून नव्हते? त्यांना कोणी छंद म्हटलं नाही, एवढंच. जात्यावर ओव्या कोण रचत होतं? भिंतीवर चित्रं कोण काढत होतं? आमच्या भुलाबाईची गाणी कोणी लिहिली? भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन आम्ही घरोघरी जायचो, आणि त्या गाण्यांत भुलाबाईचे डोहाळे अन् बाळंतपण सगळं असायचं. पोटुशी बाई मधे बसून गाणं सांगायची, बाकीच्या टिपऱ्या वाजवायच्या. खिरापत ओळखायच्या खेळात तिले पहिला मान.

आणि कापूस वेचणाऱ्या बाईले विचारा की तिले आराम पाहिजे होता की नाही. तुम्ही विचारलं होतं का?

कोरा_कागद

आजी, शरण. _/\_

नंदीवाली_खामला

आजी, माझी तारीख नेमकी भुलाबाईच्या दिवसांतच येते की!

महालची_आजी

म्हणूनच तं सांगून राहिली. खिरापतीचा डबा मी पाठवते.

तबला_प्रतापनगर

त्या "नवऱ्याला कोणी विचारलं नाही"वर लिहायचं होतं, धीर गोळा करत होतो.

बायको कशिदा करते. बारीक काम, गाठीचा टाका, साखळी टाका, सगळं साडीवर. सहाव्यानंतर रात्री तिची बोटं बधिर व्हायला लागली, झोपेतून उठून हात झटकायची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. कळलं ते असं की गरोदरपणात अंगात पाणी साठतं, मनगटात सूज येते आणि तिथून जाणारी नस दाबली जाते. कार्पल टनेल म्हणतात. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी दिली, आणि सांगितलं की बहुतेकींचं बाळंतपणानंतर कमी होतं. पण सुई धरवेना. महिनाभर ती त्या साड्यांकडे बघायचीसुद्धा नाही.

मी तेव्हा रोज तबला घेऊन बसायचो. शेजारच्या खोलीत ती हात झटकतेय आणि मी तबल्याचा कायदा घोटतोय. घरातलं कोणीही मला काही म्हटलं नाही. आईने तर दार ओढून घेतलं, माझा रियाझ मोडू नये म्हणून.

तोडगा तिनेच काढला. नक्षी ती कागदावर काढणार, दोऱ्याचे रंग ती निवडणार, सुई मी धरणार. बाळाच्या दुपट्याची कड मी केली. धावदोरा, मग साखळी टाका. गाठीचा टाका मला अजूनही येत नाही, गाठ आत निघून जाते. बोटं तबल्याची, तिला वाटलं पटकन शिकेल, कसलं काय. रविवारची बैठक मी महिन्यातून एकदाच ठेवली आणि उरलेल्या रविवारी स्वयंपाक. माझा स्वयंपाक म्हणजे गोळाभात आणि कढी, पण होता.

तर्री_जास्त_द्या

भाऊ, आमच्या घरी हा धागा वाचू देऊ नका.

ढोलवाली_धरमपेठ

मी ढोल-ताशा पथकात. गणपतीत माझा सहावा असेल. ढोल कमरेला बांधायचा नाही हे मलाही कळतं, वजनच केवढं. पण कानात बोळे घालून ताशा वाजवला किंवा नुसती पथकात उभी राहिली तर? सरावाला जाऊन राहिली आहे अजून.

डॉ_सिव्हिल_लाईन्स

बोळे तुमच्या कानाला, बाळाच्या नाही. ढोलाचा जो दणका छातीत जाणवतो, तो खालच्या पट्टीतला आवाज पोटातून सहज आत जातो. एखादी मिरवणूक रस्त्यावरून गेली म्हणून घाबरू नका, पण तासन्तास पथकाच्या मध्ये उभं राहणं यंदा नाही. लांबून, बाल्कनीतून.

ढोलवाली_धरमपेठ

ठीक आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नवीन पोरापोरींना ठेके शिकवायचं काम मागून घेते. ते घरी उशीवर शिकवता येतं, शेजारीही खूश.

गोरेवाडा_भटक्या

पक्ष्यांचा प्रश्न मागेच पडला, म्हणून.

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, तेव्हा गणित सोपं: उजाडताना बाहेर, ऊन तापायच्या आत घरी. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच दार बंद. पाण्याची बाटली, ताक, जवळ ओआरएसची पुडी. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

खरी अडचण उन्हाची नाही. माझ्या बायकोच्या वेळी कळलं. अडचण संडास-बाथरूमची. दर अर्ध्या-पाऊण तासाला लागतं आणि जंगलवाटेवर कुठे जाणार? म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि मग लघवीचा संसर्ग. आम्ही जागा निवडतानाच आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहायचो, पक्षी नंतर. बागा बऱ्या पडतात. महाराजबागेत पहाटे झाडं जुनी, सावली दाट, बसायला बाक. घडीचं स्टूल सोबत. एका जागी बसून पाहायचं, पक्षी येतात. भटकणाऱ्याला दिसत नाही ते बसणाऱ्याला दिसतं, हे मी वीस जणांना सांगतो आणि स्वतः कधी बसत नाही.

नवरंग साधारण पहिल्या पावसाच्या आगेमागे बोलायला लागतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला. दोन सुरांची शीळ. तेव्हा पायवाटा निसरड्या असतात आणि तुमचा तोल बदललेला असेल, तेव्हा आत शिरू नका. कडेच्या पक्क्या रस्त्यावरून आवाज छान ऐकू येतो. दिसेलच असं नाही. मलाही दर वर्षी दिसत नाही.

गच्चीवरची_बाग

भटक्याभाऊंनी बाहेरचं सांगितलं, मी मातीचं सांगते. कुंड्यांत काम करताना हातमोजे घाला. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मातीत येतो, गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला त्रास होऊ शकतो. आमच्या गच्चीवर मांजरांचं संमेलनच भरतं. भाजी नीट धुवायची तीही याचसाठी. सांबारसुद्धा (म्हणजे कोथिंबीर) पानं पानं करून.

आणि कुलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासायची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. हे काम नवऱ्याला द्या, त्याला काहीतरी सोडायचंच नाहीये तर काहीतरी धरू द्या.

पलंगावरून

मी लिहू की नको, असं चाललं होतं.

वार खाली आहे. मधे रक्त गेलं, त्यानंतर डॉक्टरांनी घरात, पलंगाच्या आसपास राहायला सांगितलंय. सातवा आहे. मी कथक करायची. इथे सगळे आकार बदला, चालू ठेवा म्हणून राहिले. काही जणींचं बंदच करावं लागतं. घुंगरू कपाटात आहेत. भेटायला येणारे म्हणतात, "मजा आहे बाई, आराम." मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटतं.

विणकाम आणून दिलं एकीने, पुस्तकं आणली एकीने. हात लावावासा वाटत नाही. काही दिवस मी नुसती भिंत पाहते. छंद नसला तरी चालेल, असं इथे कोणी लिहील का?

खर्जातली

चालेल. लिहिलं.

तुझं वाचून माझा वरचा प्रतिसाद फार हुशारीचा वाटायला लागला. मला खुर्ची मिळाली, तुला तीही नाही.

डॉ_सिव्हिल_लाईन्स

चालेल. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला पाळताय, तेवढं काम पुष्कळ आहे. परत रक्त गेलं, दुखायला लागलं, पाणी गेल्यासारखं वाटलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना.

आणि भिंतीबद्दल. एखाद-दोन दिवस असं होणं वेगळं. पण बहुतेक दिवस मन असंच बुडालेलं असेल, झोप-भूक गेली असेल, आणि दोन आठवडे उलटले असतील, तर हेही डॉक्टरांना सांगायचंच. बाळंतपणानंतरच नाही, आधीही नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पलंगावरून

सांगते उद्या. थँक्यू.

भटक्याभाऊ, खिडकीसमोर उंबर आहे. दिवसभर टुक टुक टुक चाललेलं असतं, तापलेल्या दुपारीसुद्धा. कोण आहे तो? डोकं उठवलंय.

गोरेवाडा_भटक्या

तांबट! हिरवा, कपाळ लाल, चिमणीहून थोडा मोठा. भांडी ठोकल्यासारखा आवाज, म्हणून तांबट. उंबर असेल तर जाणार नाही, फळं संपेपर्यंत मुक्काम. वाळक्या फांदीत गोल भोक दिसतंय का पाहा, घरटं असेल.

पलंगावरून

भोक आहे. दोन आहेत. टुक टुकच्या मात्रा मोजल्या, लय बरी धरतो. थोडी चढते मधेच.

तबला_प्रतापनगर

चढणारच, तबलजी नाही सोबत.

मिहानची_शिफ्ट

अवांतर, पण धागाकर्ती मिहानमध्ये आहे म्हणून. मातृत्व रजा २६ आठवडे, त्यातली जास्तीत जास्त ८ प्रसूतीच्या आधी घेता येते (पहिल्या दोन अपत्यांसाठी, २०१७च्या दुरुस्तीपासून). तुझी तारीख कोजागिरी, म्हणजे आठ आठवडे आधी धरले तर पोळा नेमका रजेत येतो. पण आधी घेतलेली रजा नंतरच्यातून जाते, तेव्हा नंदींसाठी किती आठवडे द्यायचे ते ठरव. मी सगळी नंतरसाठी राखली आणि शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या खुर्चीत पाय सुजवून बसले.

आणि "रजेत वेळच वेळ" असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून निघून यायचं.

खर्जातली

+१. छंदासाठी खरा वेळ दवाखान्याच्या बाकावर मिळतो. ती साखरेची तपासणी असते नं, साधारण २४ ते २८ आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला लावून दोन तास बसवतात. माझ्या शेजारच्या बाईने तेवढ्यात टोपऱ्याचा निम्मा घेर विणला. मी नुसती भिंतीवरची बाळांची पोस्टरं बघत बसले.

नंदीवाली_खामला

सगळ्यांचे आभार. बरंच ठरलं, ते लिहून टाकते.

जुने नंदी यंदा नाही. दोन्ही घरी फोन केला. एका काकूंना राग आला, त्यांच्या सासऱ्यांचा नंदी आहे. शिशाचं सांगितल्यावर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, नातू गेल्या वर्षी तो घेऊन झोपायचा. आता त्याच मला नवीन नंदी करून मागतायत. रक्ताची तपासणी डॉक्टरांनी लिहून दिलीय, नमुना दिला.

नवीन नंदी नेहमीपेक्षा कमी घेणार, आणि राखीच्या आत संपवणार. अॅक्रिलिकला ऑइलसारखी चकाकी येत नाही, त्याची मला सवय करावी लागेल. मला मॅट बैल कधी आवडलेच नाहीत. पाण्याचं वॉर्निश मिळतं, ते मारून पाहते आहे. पहिल्या थराला दुधी दिसतं, वाळल्यावर साफ होतं. कुलरच्या दमट हवेत मात्र वाळायला फार वेळ घेतं, म्हणून नंदी कुलरपासून लांबच्या खोलीत.

नवऱ्याने धागा वाचला, मी दिला नव्हता, त्याला कोणीतरी पाठवला (तर्रीभाऊ, तुम्ही नाही नं?). अॅक्रिलिकचे डबे माळ्यावरून खाली आले. ऑइलचे त्याने घराबाहेरच काढले. मॅच चालू आहे. पण मॅचवरून आल्यावर चाकं तो ठोकणार, आणि कुलरची टाकी त्याची. पोहे त्याने पार्सल आणायचे, असंही ठरलंय, तर्री वेगळी बांधून. पित्त होतं, तरी.

सासूबाईंना बैलांच्या झुली शिवायला दिल्यात. काल मला न विचारता त्यांनी जांभळ्या कापडाला पोपटी काठ लावला. मी काही बोलले नाही. विकला जाईल की नाही शंकाच आहे.

महालची_आजी

तो विकला जाईल. मले दे.

रंधा_आणि_पटाशी

वॉर्निश जाड एका हातात मारू नका, पातळ दोन हात. मधे वाळू द्या. दुधीपणा राहणार नाही.

ढोलवाली_धरमपेठ

तान्ह्या पोळ्याला मारबतीची, रोगराई घालवायच्या पुतळ्यांची, मिरवणूक निघाली की बाल्कनीतून आम्ही दोघी ओरडू. नको ते सल्ले घेऊन जा गेऽऽ मारबत!

तर्री_जास्त_द्या

धागा मी नाही पाठवला, देवाशप्पथ. माझ्या बायकोने पाठवला. तिची आणि तुमच्या नवऱ्याच्या बहिणीची भिशी एक आहे. आता आमच्या घरीही टाकी माझीच.

एक नंदी आमच्या पोरीसाठी ठेवा. काळा पाहिजे म्हणते. पांढरे सगळ्यांकडेच असतात.

नंदीवाली_खामला

काळ्याला जास्त हात लागतात, अॅक्रिलिकमध्ये पट्टे दिसतात. राखीच्या आत जमला तर देते. नाहीतर करडा चालेल का विचारून ठेवा.